निषिद्ध प्रेमाची कथा पडद्यावर आणताना: सोलापुरात लिहिणाऱ्या आणि शूट करणाऱ्यांसाठी

निषिद्ध प्रेमाच्या कथेवर सिनेमा करायचा ठरला की बहुतेक पटकथाकार आधी प्रेमाच्या मागे लागतात. पहिली नजर, पहिला पाऊस, हिप्परगा तलावाच्या काठावरची भेट. हे लिहायला फारसा वेळ लागत नाही आणि ते आपण आधी कुठंतरी पाहिलेलंही असतं. कथेनं आपल्याला धरून ठेवलेलं असतं ते दुसऱ्याच गोष्टीनं: या दोघांना अडवतंय कोण, कशाच्या जोरावर आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. कथाकार 'घरच्यांना हे कधीच चाललं नसतं' एवढं एक वाक्य लिहून पुढं जातो. कॅमेऱ्याला ते वाक्य दिसत नाही. त्याला दार लागतं, दारात बसलेलं माणूस लागतं, त्या माणसाच्या हातातलं काम लागतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये प्रेमापेक्षा मनाईबद्दल जास्त बोलणार आहे.

बोलायला काहीतरी हाताशी हवं, म्हणून एक कथा इथंच बेतून घेतो. साल १९८७. सोलापूरचा पूर्व भाग. पद्मा छत्तिशीची विधवा, पद्मशाली, घरात तेलुगू. घरी बसून विड्या वळते. घरात सासू आणि सोळा वर्षांचा मुलगा. मुलगा शेजारच्या गल्लीतल्या कारखान्यात यंत्रमागावर काम शिकतोय. त्याच कारखान्यात बसवराज जॉबर आहे, माग बिघडला की दुरुस्त करणारा. लिंगायत, घरात कन्नड, अविवाहित. पद्मा रोज दुपारी मुलाचा डबा घेऊन जाते. कथा आठ पानांची, आणि तिचा शेवट असा:

'त्या संध्याकाळी बसवराज गदगच्या गाडीपाशी उभा होता. पद्मानं हजार विड्या पुऱ्या केल्या. रोज आठशेच्या वर जात नसत. हजारावी वळून झाल्यावर तिला कळलं, की आपण कुठंही जाणार नाही.'

वाचन: तीन रंगांची पेन्सिल

कथेची झेरॉक्स काढा, मोठ्या अक्षरात, समास भरपूर ठेवून. जे दिसतं किंवा ऐकू येतं त्याखाली एका रंगाची रेघ. जे फक्त निवेदकाला ठाऊक आहे त्याखाली दुसऱ्या रंगाची. तिसरा रंग समासात: कथेत नाही, पण सिनेमात कुणीतरी विचारणारच, असं काय आहे? पद्माचा नवरा कशानं गेला? डब्यात काय असतं? मुलाला कधी कळलं? बसवराजच्या घरी कोण आहे?

चांगली कथा असेल तर दुसरा रंग सगळ्यात जास्त निघेल. त्यानं घाबरून 'निवेदकाचा आवाज ठेवू या' असं म्हणू नका. तो आवाज शेवटपर्यंत हाताशी असतोच, पण पहिल्या खर्ड्यात घेतलात की दृश्य शोधायची गरजच संपते आणि सिनेमाऐवजी सचित्र अभिवाचन तयार होतं.

मग कथा बाजूला ठेवा आणि ती न वाचलेल्या कुणाला तरी तोंडी सांगा. सांगताना तुम्ही जे आपोआप गाळता ते बहुधा सिनेमातूनही गळणार आहे. ऐकणारा जिथं मध्येच 'मग?' म्हणतो ती जागा लिहून ठेवा.

मनाईला नाव आणि पत्ता द्या

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि तो तिला द्यावा.

'समाज' हा शब्द पटकथेत बाद करा. समाज म्हणजे नेमकं कोण, हे लिहा. आपल्या कथेत यादी अशी निघते. सासू: तिला जातीपेक्षा जास्त भीती आहे ती घरातले कमावते हात जाण्याची. मुलगा: त्याचा उस्ताद उद्या बाप म्हणून घरात येणार, आणि कारखान्यातली पोरं 'का बे, जॉबर घरी येतोय म्हणे' म्हणून छेडणार. विड्या मोजून घेणारा चेकर: त्याच्या हातात छाट आहे. आज वीस विड्या बाद केल्या, उद्या शंभर करील; तोंडानं एक शब्द बोलायची गरज नाही. बसवराजचा मोठा भाऊ. गल्लीतल्या बायका. आणि पद्मा स्वतः.

आता प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: याच्या हातात कोणतं हत्यार आहे, ते तो कधी वापरतो, आणि मनाई मोडली गेली तर याचं स्वतःचं काय जातं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र खलनायक होतं आणि सिनेमा तिथंच पातळ होतो. सासूचा तिसरा रकाना भरला की ती पद्माच्या तोडीची होते.

कायद्याचंही इथंच बघून घ्या, कारण प्रेक्षक विचारणार: मग यांनी सरळ रजिस्टर लग्न का नाही केलं? विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ पासून कायद्याची मान्यता आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा. म्हणजे १९८७ साली पद्मा आणि बसवराजला कायदा आडवा येत नव्हता. पण याच कायद्यात लग्नाची नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते, आणि आक्षेपासाठी ३० दिवस मोकळे असतात. एवढ्यात एक अख्खा प्रसंग आहे. कार्यालयातला फलक, त्यावर आधीच लागलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नोटिसा, आणि त्या वाचत उभा असलेला ओळखीचा माणूस. बसवराज अर्ज न मागताच परत फिरतो. संवाद शून्य, आणि 'का नाही केलं' याचं उत्तर मिळालं.

काळ बदललात तर हत्यारंही बदलतात. हीच कथा आज घडवली तर घरात सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच मोबाईल, गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप, डब्याच्या वेळी येणारा मुलाचा व्हिडिओ कॉल. जातपंचायतीनं वाळीत टाकण्याचा धागा आजच्या काळात घेत असाल, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, हे तुमच्या पात्रांना माहीत असेल की नाही ते ठरवा. दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची कथा असेल तर ६ सप्टेंबर २०१८ च्या आधीची की नंतरची, हे पहिल्या पानावर पक्कं हवं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. परस्त्री-परपुरुष संबंधांचं कलम ४९७ त्याच महिन्याच्या २७ तारखेला रद्द झालं. कायद्याची मनाई उठली की पात्रांना दुसरी मनाई शोधून द्यावी लागते, आणि ती बहुधा घरातच सापडते.

जातीचं नाव घ्यायचं की नाही? माझं मत: धूसर ठेवू नका. 'दोन वेगळ्या समाजांतले' एवढंच म्हणून सोडलेला सिनेमा सोलापुरात कुणालाच फसवत नाही. प्रेक्षक आडनाव, भाषा, गळ्यातलं लिंग, चुलीवरचं भांडं बघून सगळं ओळखतो. मात्र नाव घेतलं की त्या घराचा बारकावाही अचूक हवा. त्यासाठी त्या समाजातल्या दोन तरी माणसांना खर्डा वाचायला द्या. एक म्हातारं, एक तरुण. दोघं वेगवेगळ्या चुका काढतात.

हक्क: पहिल्या खर्ड्याआधी, तोंडी नाही

कंटाळवाणं काम, पण ते उरकल्याशिवाय पटकथेच्या खोलात जाऊ नका. स्वामित्व हक्क कायदा १९५७ प्रमाणे साहित्यकृतीचं रूपांतर करायचा हक्क स्वामित्वधारकाचा. लेखक हयात असताना आणि तो गेल्यानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हा हक्क टिकतो. म्हणजे लेखक १९६० मध्ये गेला असेल तर २०२० संपेपर्यंत.

कथा दिवाळी अंकात आली होती म्हणून संपादकाची परवानगी पुरते, असा समज फार पसरलेला आहे. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या लेखकानं हक्क लिहून दिलेले नसतील तर ते त्याच्याकडेच असतात. संग्रह निघाला असेल तर प्रकाशकाशी झालेला करार बघायला मागा. लेखक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. पुण्यातल्या मुलानं हो म्हटलं आणि हैदराबादच्या मुलीला विचारलंच नाही, हे पुढं महागात जातं.

करार लेखीच हवा, सहीसह. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक कलम नवख्यांना माहीत नसतं: हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते हस्तांतर रद्द झाल्यासारखंच. म्हणून मुदत स्पष्ट घाला, तीन किंवा पाच वर्षं. लघुपट की पूर्ण लांबीचा चित्रपट, डबिंग, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, ओटीटी, श्रेयनामावलीत नाव कुठं आणि कसं, हेही लिहा. पैसे कमी असतील तर आधी थोडी रक्कम देऊन ठरावीक काळासाठी हक्क राखून ठेवा, बाकीची चित्रीकरणाआधी.

'आम्ही फक्त कल्पना घेतली' हा बचाव किती चालतो? आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. विधवा आणि जॉबर यांचं प्रेम कुणीही लिहावं. पण डबा, हजार विड्या, गदगची गाडी हे सगळं त्याच क्रमानं आलं तर ती कल्पना राहत नाही.

पटकथा तयार झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं तिची नोंदणी करून ठेवा.

लघुपट की मोठा?

आठ पानांच्या कथेचा पंचवीस मिनिटांचा लघुपट सरळ होतो. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा पटकथेचा जुना हिशोब. शंभर मिनिटं करायची असतील तर पंचाहत्तर मिनिटं नवी जन्माला घालावी लागतात. ती कुठून आणायची, हा खरा प्रश्न.

ॲनी प्रूची 'ब्रोकबॅक माउंटन' ही कथा १९९७ साली न्यूयॉर्कर साप्ताहिकात आली. ती एका बैठकीत वाचून होते. २००५ चा आँग लीचा चित्रपट १३४ मिनिटांचा आहे. पटकथाकारांनी प्रेमाचे प्रसंग दुपटीनं वाढवले नाहीत. त्यांनी दोघांच्या बायका, मुलं, संसार, नोकऱ्या यांना जागा दिली. म्हणजे मनाईची बाजू भरली. ऑस्करला त्यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला.

आपल्या कथेत मोठा सिनेमा असेल तर तो मुलाचा असेल, असं मला वाटतं. सोळा वर्षांचा पोरगा, बसवराजकडून माग शिकणारा, त्याच्यावर जीव असलेला. त्याला आधी उस्ताद हवासा वाटतो आणि मग नकोसा. ही पंचाहत्तर मिनिटं पद्माच्या गोष्टीवर चिकटवलेली वाटणार नाहीत, कारण शेवटी ती थांबते त्यात या पोराचा वाटा आहे. पण तेवढे पैसे आणि माणसं नसतील तर लघुपटच करा. ताणलेला लघुपट ओळखू येतो.

मनातलं बाहेर कसं काढायचं

सत्यजित राय यांनी १९६४ मध्ये रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड' या दीर्घकथेवरून 'चारुलता' केला. चारूचं एकटेपण कथेत निवेदनातून कळतं. चित्रपटात ती खिडकीच्या झडपांतून हातदुर्बीण लावून रस्त्यावरची माणसं बघते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो आणि ती त्याच्या पाठीकडंही त्याच दुर्बिणीतून बघते. एका वस्तूनं काम झालं. पण ती वस्तू त्या घरातली, त्या काळातली, त्या बाईच्या हातात शोभणारी आहे. अशी वस्तू कथेतच कुठंतरी पडलेली असते. बाहेरून आणलेली सोन्याची अंगठी किंवा पिंजऱ्यातला पोपट कामाचा नाही.

आपल्याकडं ती वस्तू विडी आहे. आता शेवटचं वाक्य घेऊ: 'हजारावी वळून झाल्यावर तिला कळलं, की आपण कुठंही जाणार नाही.' 'कळलं' हे दाखवायचं कसं?

पहिला मोह म्हणजे गाडीची शिट्टी वाजते, पद्माचे हात थांबतात, डोळ्यांत पाणी. हे कुणालाही सुचेल. शिवाय ते कथेच्या उलट आहे. कथेत हात थांबत नाहीत, उलट वेग घेतात. दुसरा मोह स्टेशनवर जाऊन वाट बघणारा बसवराज दाखवण्याचा. १९८७ साली गदगचा मार्ग मीटरगेज होता, ती गाडी आज उभी करायची म्हणजे निर्मात्याचं दिवाळं. आणि स्टेशनवर गेलो की आपण पद्माला सोडून जातो, जे तिला करता आलं नाही ते आपणच करून बसतो. तेव्हा घरातच राहायचं. माझा खर्डा असा:

घर. आत. संध्याकाळ.
पद्मा उंबऱ्यापाशी, मांडीवर सूप. पान कापणं चालू नाही, कापलेली पानं संपत आलीत. बोटं झपाझप चाललीत. शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट.
सासू भिंतीला टेकून जुड्या मोजतेय. पंचवीसची एक.
सासू: किती राहिल्या?
पद्मा: मोजा तुम्ही.
लाईट जाते. माग एकामागून एक बंद पडतात. शांतता. पद्माचे हात अंधारातही चालूच.
सासू: दिवा लावू?
पद्मा: नको. हाताला ठाऊक आहे.
सासू: (मोजत) छत्तीस... सदतीस...
लांबून गाडीची शिट्टी.
सासू थांबते. हातातली जुडी तशीच.
पद्मा: अडतीस.
सासू गप्प.
पद्मा: पुन्हा पहिल्यापासून मोजा.
सासू सगळ्या जुड्या परत मांडीवर ओढते. एक. दोन. तीन.

शिट्टीला चुकते ती सासू. म्हणजे तिला सगळं माहीत होतं, गाडीची वेळसुद्धा. हे कथेत नाही. पण मनाईच्या यादीतला सासूचा तिसरा रकाना भरला नसता तर ही जागा सुचली नसती. आणि चाळीस जुड्या म्हणजे हजार, हे प्रेक्षकाला आधी एकदा साध्या दिवशी दाखवून ठेवावं लागेल. त्या दिवशी बत्तीसवर थांबायचं. पेरणी आधी केली नाही तर इथं काही उगवणार नाही.

कथेतला प्रत्येक दुसऱ्या रंगाचा परिच्छेद असा सोडवायचा नसतो. पाच-सहा महत्त्वाचे निवडा. बाकीचे अभिनेत्रीवर सोपवा.

बोली

या दोघांची घरची भाषा वेगळी, म्हणून ते आपसात मराठी बोलतात. पद्माच्या सासूला बाजारापुरतं मराठी येतं. म्हणजे मराठी ही त्यांची चोरून बोलायची भाषा. हा सोलापुरातच मिळणारा फायदा आहे, तो सोडू नका. तेलुगू आणि कन्नड संवाद खरे ठेवा, खाली मराठी उपशीर्षकं द्या. ते भाषांतर मात्र पूर्व भागात राहणाऱ्या माणसाकडून करून घ्या. हैदराबादची पुस्तकी तेलुगू इथं लगेच खटकते. वरचा प्रसंग मी वाचायच्या सोयीसाठी मराठीत लिहिलाय. शूटिंगच्या प्रतीत तो तेलुगू होईल.

सोलापुरी मराठी म्हणजे प्रत्येक वाक्याला 'बे' लावणं नव्हे. 'बे' पुरुषांचा, दोस्तांतला; पद्माच्या तोंडी तो येणार नाही. 'काय करायलाय', 'कुठं चाललाय' ही रूपं मात्र सगळ्यांची. तेलुगू घरातल्या बाईचं मराठी बोलताना कधी लिंग चुकतं. ते एकदा दाखवलं तर माणूस दिसतो, दहादा दाखवलं तर विनोद होतो.

गड्ड्याचं काय करायचं

हा मोह प्रत्येक सोलापूरकराला होतो. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या आसपास, सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. त्यामागची आख्यायिका तर निषिद्ध प्रेमाचीच: कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. तुमच्या कथेशी समांतर आहे, हे मान्य. पण म्हणूनच जपून. नंदीध्वज आणि नायिकेचा चेहरा आळीपाळीनं दाखवले की अर्थ ओरडून सांगितल्यासारखा होतो. ठेवायचाच असेल तर ऐकू येऊ द्या. 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' गर्दीच्या मागून येतंय, पद्माच्या मुठीत अक्षता आहेत, आणि चार माणसं सोडून बसवराज उभा आहे. सगळं गाव दुसऱ्याच्या लग्नाला अक्षता टाकतंय, तेवढ्यापुरतं ही दोघं एका ठिकाणी उभी राहू शकतात.

खऱ्या यात्रेत शूट करायचं तर दुसरा टेक मिळत नाही. छोटा कॅमेरा, दोन कलाकार, आधीच्या वर्षी जागा हेरून ठेवलेली, देवस्थान आणि पोलिसांची परवानगी. आणि १९८७ चा काळ असेल तर हे विसराच. हजार मोबाईल वर झालेले दिसतील.

कारखान्यातलं शूटिंग

डब्याचे प्रसंग मागांच्या मधे घडतात, आणि तिथं मला या कथेची सगळ्यात सुंदर सोय दिसते: माग चालू असताना शेजारच्यालाही ऐकू येत नाही. पूर्व भागात मोकळेपणानं बोलायला यापेक्षा सुरक्षित जागा नाही. पद्मा आणि बसवराज सगळ्यांसमोर बोलतात, ओठांच्या हालचालीवरून एकमेकांना समजून घेतात, आणि कुणालाच काही कळत नाही. लाईट गेली की मात्र दोघांना गप्प व्हावं लागतं.

आता हे रेकॉर्ड कसं करायचं? चालत्या मागांत संवाद मिळणार नाही, प्रयत्नही करू नका. जवळचे शॉट माग बंद ठेवून घ्या, पण कलाकारांना गोंगाटात बोलतात तसंच घशाच्या जोरानं बोलायला लावा, नाहीतर नंतर मागांचा आवाज चढवला तरी खोटं वाटतं. तालमीच्या वेळी चालत्या मागांत दहा मिनिटं उभं करा, गळा आपोआप लागतो. लांबचे शॉट चालत्या मागांवर. आवाज वेगळा गोळा करा: एक माग, चार माग, सगळा कारखाना, भिंतीपलीकडून, गल्लीतून, आणि लाईट जाताना एकेक बंद पडतानाचा. हा शेवटचा आवाज वरच्या प्रसंगाचा कणा आहे.

माग बंद ठेवणं म्हणजे मालकाचं उत्पादन बुडणं आणि कामगाराची मजुरी बुडणं. बहुतेकांची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असते. मालकाशी बोलणी करताना कामगारांचे पैसे वेगळे ठरवा आणि त्यांच्या हातात द्या. साप्ताहिक सुट्टीचा दिवस मिळाला तर उत्तम.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. चोवीस फ्रेमवर शूट करत असाल आणि कॅमेरा अंशांत मोजत असेल तर १७२.८. सुताची कुसकट हवेत सतत उडत असते, आत लेन्स बदलू नका. आणि वेळापत्रक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. मे महिन्यात सोलापूर चाळिशी ओलांडतं, वर पत्रा, खाली माग. कलाकारांचा रंग दुपारपर्यंत उतरतो.

रस्त्यावर, महापालिकेच्या जागेत, रेल्वेच्या हद्दीत, भुईकोट किल्ल्यात, प्रत्येक ठिकाणची परवानगी वेगळी. गोरेगावच्या चित्रनगरी महामंडळाची एक खिडकी योजना आधी बघा. होटगी रस्त्याला विमानतळ असल्यामुळं ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्कायवरचा नकाशा तपासा.

जवळीक आणि प्रमाणपत्र

स्पर्शाचे प्रसंग संवादांसारखेच लिहून काढा: कोण कुठं उभं, हात कुठं, कपडे काय, सेटवर कोण हजर. कलाकारांची लेखी संमती आधी घ्या आणि ती मागे घ्यायची मुभा ठेवा. मुलाच्या भूमिकेत खरोखर अल्पवयीन कलाकार असेल तर त्याला अशा चित्रीकरणाच्या आसपासही ठेवू नका.

चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झालेत. आपला सिनेमा यूए १३ किंवा १६ मध्ये जाईल असा माझा अंदाज. पण आपल्याला खरी अडचण प्रेमानं येणार नाही, विडीनं येणार आहे. तंबाखूजन्य पदार्थ किंवा त्यांचं सेवन पडद्यावर दिसलं की सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याचे संदेश, आणि तो पदार्थ दिसतोय तोवर खाली इशाऱ्याची ओळ दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही असेच नियम आहेत. तो पदार्थ कथेला का गरजेचा आहे, हे सेन्सॉर मंडळाला लेखी पटवावं लागतं. विडी वळणाऱ्या बाईच्या सिनेमात ही ओळ जवळजवळ कायमच राहील. म्हणून छायाचित्रकाराला आधीच सांगा: फ्रेमचा तळ रिकामा ठेव, पद्माची बोटं त्या ओळीखाली जाऊ देऊ नकोस. सूप मांडीवर असल्यानं हे वाटतं तितकं सोपं नाही. कॅमेरा थोडा खाली आणि समोरून लावावा लागेल.

शेवट आणि पहिला कट

शेवट बदलायचा का? लेखकाशी करार करताना हा प्रश्न उघड विचारा, कारण कायद्यानं लेखकाला आपल्या कृतीची मोडतोड झाल्यास तक्रार करता येते. पद्मा शेवटी गाडीत बसते असं केलंत तर कथा दुसरीच होते. प्रेक्षकांना बरं वाटावं म्हणून बदलू नका. मनाईच्या यादीत खरोखर एखादं हत्यार कमी पडत असेल, तर मात्र ती का थांबली याचं उत्तर तुमच्याकडं नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी शेवट हलवण्यापेक्षा मधला भाग पुन्हा लिहा.

पहिला कट लेखकाला दाखवा, पण एकट्याला नको. पूर्व भागात एखाद्या घरी, विड्या वळणाऱ्या पाच-सहा बायकांना बोलावून, संगीत न लावलेला कट लावा. त्या हातात सूप घेऊनच बसतील, बसू द्या. कथेबद्दल त्यांना काही विचारू नका. अभिनेत्रीची बोटं कुठं खोटी वाटली तेवढं विचारा, आणि त्या जागा लिहून घ्या. बोटांवरून बोलता बोलता सासूवर गाडी येईलच, आणि तेव्हा त्या जे बोलतील ते रेकॉर्ड करायची परवानगी आधी मागून ठेवा.